धाकटी आज साठ म्हणतेय

८ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद पाठवतो आहे, पण हात जरा आखडता घेऊन, कारण हे पत्र मुळात तक्रारअर्ज आहे.

तक्रार अशी. परवाच्या गुरुवारी सकाळी आकाश निरभ्र, रस्ता कोरडा, वाहनं तुरळक आणि सूर्यनारायण आपल्या कामावर वेळेवर हजर असताना तुमच्या खात्याच्या दिव्यांच्या फलकांनी आम्हाला ताशी साठच्या वेगाने जायला लावलं. ज्या महामार्गाच्या नावातच 'द्रुतगती' आहे, त्यावर साठ. मी मान लांब करून पाहिलं. अपघात नाही, खोदकाम नाही, एखादं चुकलेलं वासरूसुद्धा नाही. कारणाशिवाय कार्य घडतं हे एकदा मान्य केलं, तर आजवर वर्गात शिकवलेलं सगळं मला विद्यार्थ्यांकडून परत मागावं लागेल. आणि ते देणार कुठून, त्यांनी घेतलेलंच नाही.

या साठापायी माझा चहा बुडाला. पहिल्या तासाआधी कॉलेजच्या कँटीनमध्ये जो एक कप मिळतो, त्याच्या आधारावर मी संधिप्रकरण शिकवतो. परवा बिनचहाचं शिकवलं. एकही संधी धड जुळला नाही. या नुकसानीची नोंद तुमच्या नियंत्रण कक्षाने घ्यावी.

आता तुझ्या तीर्थरूपांविषयी. आयुष्यभर बस चालवलेला आणि डेपोत 'कप्तान' म्हणून गाजलेला माणूस निवृत्तीनंतर जावयाला दर गुरुवारी पलीकडच्या गावातल्या कॉलेजात पोचवतो, माझे दोन तास होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसतो आणि परत आणतो. लोक याला माया म्हणतील. तुझी ताई हट्ट म्हणते. मला गाडी चालवता येत नाही हे या घराचं जाहीर दुःख असल्याने मी काहीच म्हणत नाही.

जेवणाच्या टेबलावर तू "बाबा, आता वय झालं, हायवेला गाडी घालू नका, किल्ली द्या" म्हणालीस, त्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला. तेव्हापासून ते तुझ्याशी बोलत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. ठाऊक नसलेली गोष्ट ही, की परवा साठचा आकडा आला तसा त्यांनी मुकाट्याने वेग उतरवला आणि म्हणाले, "धाकटी रागावलेली दिसते."

मागे एक ट्रकवाला हॉर्न बडवत होता. त्याला आरशातूनच म्हणाले, "तुला नाही रे सांगितलेलं. मला सांगितलंय."

म्हणजे तू त्या कक्षात बसून वडिलांवर आकडे फेकतेस असा आरोप तुझ्यावर आहे. खुलासा कॉलेजच्या पत्त्यावर पाठव. फोन नको. घराच्या भिंती पातळ आहेत आणि कप्तानांचे कान तिखट.

तुझा चहावंचित भाऊजी


१४ नोव्हेंबर

भाऊजी,

नमस्कार. अर्ज मिळाला. चहाबद्दल खात्याला खेद आहे.

त्या गुरुवारी तुम्ही वळणाच्या अलीकडे होतात, तेव्हा वळणाच्या पलीकडे मधल्या लेनमध्ये एक गादी पडली होती. डबल बेडची, फुलाफुलांची. कुणाच्या तरी टेम्पोवरून उडाली असणार. शंभरच्या वेगात माणसाला समोर गादी दिसली तर तो काय करेल? एक तर ब्रेकवर उभा राहील, नाहीतर स्टिअरिंग फिरवेल. मग मागचा त्याच्यावर, त्याच्या मागचा त्या दोघांवर. म्हणून आम्ही मागे लांबपर्यंत साठ लावलं. गाड्या संथ येऊ लागल्या, गस्तीवरच्या दोघांनी गादी ओढून कडेला टाकली, आणि मग तुमची स्वारी आली आणि म्हणाली, इथे तर काहीच नाही. आमचं काम नीट झालं की तुम्हाला काहीच दिसत नाही. बिघडलं की टीव्हीवर दिसतं.

बाबांवर आकडे फेकण्याचं म्हणाल तर तेवढी मोठी मी नाही. रस्त्याच्या पोटात तारा पुरलेल्या आहेत. वरून किती गाड्या गेल्या, किती वेगात गेल्या, ते त्या सांगतात. कम्प्युटर त्यावरून आकडा सुचवतो. समोर बसलेला माणूस कॅमेरे बघतो, आकडा मान्य करतो किंवा बदलतो. कधी तो माणूस मी असते, कधी दुसरं कुणी. घरच्यांची गाडी बघून आकडे लावायला लागले, तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील, आणि बरोबर करतील.

पण ते वाक्य मी परत परत वाचलं. खरंच म्हणाले? कुठल्या आवाजात? मी फोन केला की बाबा तो ताईकडे देतात, तोही दोन बोटांनी, मेलेला उंदीर धरावा तसा. आणि गाडीत बसून माझ्याबद्दल बोलतात? ताईला यातलं काही सांगू नका, ती रडेल आणि मग मला फोन करून रडेल.

एक विचारते. चेष्टा न करता उत्तर द्या, जमलं तर. हल्ली बाबा चालवतात कसे?

धाकटी


२२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

गादी मंजूर. चहाची तक्रार मी मागे घेतो, मात्र चहा झाला नाही तो नाहीच.

आमच्या न्यायशास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानला आहे. जमिनीवर घडा नाही, हे समजण्यासाठी घडा म्हणजे काय ते आधी माहीत असावं लागतं. आजवर मी हे फळ्यावर घडा काढून आणि पुसून शिकवत आलो, आणि मुलं तोंडाचा आ करून पुसलेल्या जागेकडे पाहत राहिली. आता तुझी फुलाफुलांची गादी सांगितली. पहिल्यांदाच मागच्या बाकावरची मुलं हसली, म्हणजे समजलं. न झालेल्या अपघातांचा संसार सांभाळणारी तू आपल्या कुळातली पहिली नैयायिक. हा किताब वेगमर्यादेत राहून मिरव.

तारांची माहिती मी कप्तानांना दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पंडित, तारेला बाप असतो का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तिला माझी गाडी कशी कळणार? उगाच काहीतरी सांगतात तुम्हाला."

मी कम्प्युटरचं नाव काढलं. "तो सुचवतो हो," ते म्हणाले. "डेपोत साहेबसुद्धा सुचवायचे. गाडी कोण चालवायचं?"

एव्हाना त्यांनी तुझ्या फलकांचा कोशच तयार केला आहे. शंभर म्हणजे तू खुशीत आहेस. ऐंशी म्हणजे कामाचा रेटा आहे, बोलायला सवड नाही. साठ म्हणजे राग, किंवा सकाळी उपाशी निघाली. आणि फलक कोरा असेल तर तू डबा खायला गेली आहेस. अशा वेळी ते आपण होऊन ऐंशीवर येतात. "तिला दोन घास सुखाने खाऊ दे. आपल्यामुळे उठायला नको." भाष्यकार मी बरेच पाहिले, पण मूळ ग्रंथावर इतकी माया करणारा हा पहिलाच.

तुझ्या प्रश्नाबद्दल. ज्याला स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडी कुठे जाते हे विचार करून सांगावं लागतं, त्याने चालवण्यावर मत द्यावं का? एवढं सांगू शकतो की लेन सोडत नाहीत, कुणाला शिव्या देत नाहीत, आणि पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवतात की मधल्या जागेत एखादी प्राथमिक शाळा भरावी. फलक आला की विचारतात, "काय म्हणतेय?" मग मी वाचून सांगतो. संस्कृतात सांगतो, तेवढीच प्रवासाला शोभा. शतम्, अशीतिः, षष्टिः. तिन्ही शब्द त्यांना पाठ झाले. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला अजून नाहीत.

तुझा भाऊजी


२६ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी डबा खाता खाता हसले. मग शेवटच्या ओळींवर परत आले आणि डबा तसाच राहिला.

आमच्या बोर्डावरचा आकडा शाळेत जाणाऱ्या मुलाच्या उंचीचा असतो. दिव्यांनी पेटलेला. शंभरच्या वेगात, लांबून, ऊन डोळ्यावर असतानाही वाचता यावा म्हणून एवढा केलेला. मग तो बाबांना तुम्ही का वाचून सांगावा लागतो? "काय म्हणतेय" असं ते लाडाने विचारतात असं तुम्हाला वाटत होतं ना? मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं. भाऊजी, ते तुमच्या डोळ्यांनी गाडी चालवताहेत.

आता माझंही एक सांगते. मी गुरुवारची सकाळची पाळी मागून घेतली आहे, पावसाळ्यापासूनच. पुलाजवळच्या कॅमेऱ्यात तुमची पांढरी गाडी क्षणभर दिसते. दाराला पोचा आहे, म्हणून लगेच ओळखते. बाबा ताठ बसलेले असतात, तुम्ही हातवारे करत असता. (गाडीत तरी थोडं गप्प बसत जा.) मला आपलं वाटायचं, मी त्यांना बघते आणि ते माझा आकडा बघतात, न बोलता का होईना, चाललंय आमचं. तेही नव्हतं तर.

भांडण माझ्यापाशी राहू द्या. माझं नाव काढलंत तर ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाऊल टाकणार नाहीत. तुम्ही न्या. कसं ते तुम्ही बघा. शास्त्रात अशा कामाला काहीतरी म्हणत असतील.

धाकटी


६ डिसेंबर

चि. धाकटीस,

शास्त्रात त्याला कपट म्हणतात. आणि ते मी केलं.

माझाच चष्म्याचा नंबर वाढला आहे, वाचताना अक्षरं पोहतात, अशी हाकाटी मी घरात सुरू केली. दोन दिवस वर्तमानपत्र उलटं धरलं. ताई म्हणाली, "आधी सुलट धरून बघा." शेवटी मला दवाखान्याची भीती वाटते असं सांगितलं. हे कप्तानांना तत्काळ पटलं आणि मला धीर द्यायला म्हणून ते आले.

आधी मला बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. कप्तान माझ्या मागे स्टुलावर. मी पहिल्या ओळी दणदणीत म्हटल्या, खालच्या ओळींना अडखळलो, दोन-तीन अक्षरं अंदाजाने ठोकून दिली. मग डॉक्टर, त्या एक तरुण बाई आहेत, गोड आवाजात म्हणाल्या, "काका, आलाच आहात तर तुम्हीही बसा."

कप्तान बसले. आणि काय सांगू तुला, वरपासून खालपर्यंत तक्ता घडाघडा म्हणाले. एकही थांबा नाही. मी थक्क झालो. आपण उगाच संशय घेतला, या डोळ्यांना धाड भरली नाही, असं मनात म्हणेपर्यंत डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही दोघे नात्याने कोण?"

"सासरे-जावई."

"असं. कारण तुम्ही दोघांनी तीच तीन अक्षरं चुकीची वाचलीत, आणि चूकही तीच केलीत."

तेव्हा उजेड पडला. तक्ता त्यांना दिसलाच नव्हता. मी म्हणत होतो ते मागे बसून त्यांनी ऐकलं आणि पाठ केलं, माझ्या चुकांसकट. डेपोच्या वार्षिक तपासणीतही शेवटी शेवटी ते रांगेत मुद्दाम दुसरे उभे राहायचे, हे त्यांनी नंतर सांगितलं, आणि तेही अभिमानाने. मौखिक परंपरेवर मी प्रबंध लिहिला आहे. गुरूचा अपपाठ शिष्य किती श्रद्धेने जपतो, यावर त्यात एक अख्खं प्रकरण आहे. प्रत्यक्ष उदाहरण मात्र तेव्हा मिळालं नव्हतं.

डॉक्टरांनी तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. कप्तान बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा बोर्ड बंद आहे."

तिथे कुणीच हसलं नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला जून. शस्त्रक्रिया सोपी आहे, आधी एक डोळा, मग दुसरा. तोवर गाडी चालवायची नाही असं त्यांनी स्पष्ट बजावलं. कप्तान तिथे "बरं" म्हणाले. जिना उतरल्यावर म्हणाले, "गावात नाही चालवणार. गुरुवार मोडायचा नाही."

मी म्हटलं, "मी बसने जाईन."

"बसने? हल्ली कोण चालवतात बस, बघितलंय का कधी?"

ताईने किल्ली साखरेच्या डब्यात लपवली आहे. पण ते डेपोतले गृहस्थ आहेत. दुसरी किल्ली कुठेतरी असणारच, असं माझं अनुमान आहे. धूर अजून दिसलेला नाही.

तुझा भाऊजी


९ डिसेंबर

भाऊजी,

घाईत लिहिते. या गुरुवारी दाट धुक्याचा अंदाज आहे. मोतीबिंदू आणि धुकं, दोन्ही एकदम. काहीही करा, त्यांना गाडीत बसू देऊ नका. टायरची हवा सोडा. मी पाळीवर असेन आणि मला त्या पुलाखाली पांढरी गाडी दिसता कामा नये.

धाकटी


१५ डिसेंबर

चि. धाकटीस,

तुझं नऊ तारखेचं पत्र मला बारा तारखेला मिळालं. धुकं त्याच्या आधी पोचलं.

तू पाहिलंस, पण फक्त शेवट पाहिलास. आधीचं मी सांगायला हवं.

मी पहाटेच बससाठी निघालो. फाटकाशी गाडी उभी, इंजिन चालू, आत कप्तान. दुसरी किल्ली होतीच. मी म्हटलं, "बाबा, मी बसणार नाही."

"नका बसू. मी जाऊन येतो."

"कुठे? कॉलेजात तास माझे आहेत."

"तास तुमचे असतील. गुरुवार माझा आहे. गाडी दिसली नाही तर तिला वाटेल, बाप आजारी पडला."

म्हणजे तू कॅमेऱ्यातून पाहतेस हे त्यांना माहीत आहे. कुणी सांगितलं म्हणशील तर कुणीच नाही. आपली लेक आपल्याला पाहत असणार, याला त्यांना पुरावा लागला नाही. एकटे जातील या भीतीने मी बसलो. हे बरोबर केलं की चूक, याचा निर्णय तूच कर. मी अजून केलेला नाही.

निघालो तेव्हा धुकं विरळ होतं. महामार्गाला लागलो आणि ते खाली उतरून दाट झालं. पहिला फलक आला. "काय म्हणतेय?" "अशीतिः." पुढचा. "षष्टिः." कप्तान प्रत्येक वेळी उतरत गेले. मग एक आकडा असा आला की मला तो जवळ येईपर्यंत वाचवेना. मी म्हटलं, "चत्वारिंशत्."

"हे काय? हा शब्द नाही सांगितलात कधी."

"चाळीस."

ते हळूच म्हणाले, "चाळीस ती मला कधी म्हणाली नव्हती." आणि थोड्या वेळाने, "घाबरलीय पोरगी."

बस. त्यानंतर चर्चा नाही. डावीकडचा दिवा लावला, कडेच्या लेनमध्ये आले, पेट्रोल पंप आणि खानावळ आहे त्या थांब्यावर अगदी रेघेत गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "बाबा, मला चालवता येत नाही."

"ते सगळ्या जगाला माहीत आहे. धरा."

मग आम्ही दोघे चहा घेऊन काचेशी बसलो. चालवता येणाऱ्याला दिसत नाही आणि दिसणाऱ्याला चालवता येत नाही, असे दोन प्रवासी. कप्तान म्हणाले, "तिला कळवा, बाप थांबलाय म्हणून." तुझा फोन पाळीवर कपाटात असतो, म्हणून मी फलकाखाली लिहिलेल्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एका मुलाने विचारलं, "वाहनात बिघाड?" मी म्हटलं नाही. "कुणी जखमी?" नाही. "रस्त्यात अडथळा?" नाही. "मग काय कळवायचंय, सर?" मी म्हटलं, "चालक थांबला आहे, हे चालकाच्या मुलीला कळवायचं आहे. ती तुमच्या शेजारीच बसली असेल."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुढचं तुला ठाऊक आहे.

तुझा भाऊजी


२० डिसेंबर

भाऊजी,

हो, ती खुर्ची माझी. आता त्या मुलाने तुमचं वाक्य सगळ्या कक्षात पसरवलं आहे. कुणाचा घरून निरोप आला की म्हणतात, "चालक थांबला आहे."

तुम्ही गाडीत बसलात ते बरोबर की चूक, मलाही ठरवता येत नाही. तुमच्या जागी मीही बसले असते, आणि मग स्वतःला शिव्या दिल्या असत्या.

चाळीसचं खरं सांगते. यंत्राने साठच सुचवलं होतं. पण कॅमेऱ्यात मला पूलच दिसेना, म्हणून मी चाळीस केलं आणि वरिष्ठांनी लगेच हो म्हटलं. ते सगळ्यांसाठी होतं, ट्रकवाल्यांसाठी, दुधाच्या गाड्यांसाठी. बाबा त्यात नसते तरी मी तेच केलं असतं. पण बटण दाबताना तुम्ही लिहिलेला तो कोश डोक्यात होता, हे खोटं कशाला बोलू? त्या सकाळी आमच्या पट्ट्यात कुणाला ओरखडाही आला नाही. पदार्थ म्हणून लिहून ठेवा.

पाळी संपवून मी आले, तेव्हा तुम्ही दोघे शाळा सुटल्यावर न्यायला कुणी न आलेल्या मुलांसारखे दिसत होतात. तुम्ही मागे बसून झोपेचं सोंग घेतलंत, त्याबद्दल आभार. सोंग वाईट होतं, माणूस झोपेत मान डोलावत नाही. बाबा एवढ्या महिन्यांनी माझ्याशी काय बोलले ते तुम्ही ऐकलंतच. "क्लचवर पाय ठेवून बसू नको." मी म्हटलं, "बरं." मग म्हणाले, "आरसा बघ." मी म्हटलं, "बघितला." आणि एक-दोन फलक मागे पडल्यावर, "डबा खाल्लास?" तिथे माझ्याच डोळ्यांत धुकं आलं आणि मला वेग कमी करावा लागला.

परवा घरी आले होते तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात. बाबांशी नीट बोलले. म्हटलं, माझं चुकलं, वयाचं बोलायला नको होतं, अडचण डोळ्यांची होती आणि डोळे तर बरे होणार आहेत. ऑपरेशन करून घ्या, डॉक्टरांनी हो म्हटलं की किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देईन. शब्द दिला. इतके खूश झाले की ऑपरेशनची तारीख त्यांनीच फोन करून अलीकडे आणली. ताई म्हणते, घरात पुन्हा उजेड आलाय. सगळं मार्गी लागलं, भाऊजी. तुमच्या कपटाला यश.

धाकटी


२ जानेवारी

चि. धाकटीस,

नवं वर्ष तुला शंभरच्या आकड्याचं जावो.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि आमच्या घरावर संकट कोसळलं. कप्तानांना दिसायला लागलं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी छताच्या कोपऱ्यातली जळमटं दाखवली. दुसऱ्या दिवशी भिंतीचा रंग हिरवा नसून निळा आहे हे जाहीर केलं, आणि आजवर हिरवा समजून आपण तो सहन केला असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहून म्हणाले, "पंडित, तुमचे केस कधी पिकले?" मी म्हटलं, "तुमच्या देखत." ताई आता स्वयंपाकघराचं दार लावून काम करते, कारण भांड्यांचीही तपासणी होते. वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती मोठ्याने वाचल्या जातात. कुणाला शिलाई मशीन विकायचं आहे, हे आमच्या गल्लीत आता सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी तुझ्याशी त्यांचं जे फोनवर चालतं, त्यात मला शिरकाव नाही. "आज ऐंशी का होतं?" असं विचारताना ऐकलं. तू कारणं देतेस आणि ते ऐकून घेतात. माझी आणि ताईची कारणं त्यांनी अशी कधी ऐकून घेतली नाहीत.

सकाळी ते गाडी पुसतात. पोचा काढून घ्यायचा म्हणतात. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात, आणि त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी किती वाजता निघायचं, हेही ठरलं आहे.

धाकटे, आता जे लिहितो ते मागच्या पत्रात लिहायचं टाळलं होतं.

त्या सकाळी धुक्यात, साठ आणि चाळीस या दोन फलकांच्या मध्ये, समोर एका टेम्पोचे दिवे उगवले. मी म्हटलं, "लाल दिवे." ते म्हणाले, "हो." स्पष्ट म्हणाले. त्यांनी ऐकलं होतं, त्यांना समजलं होतं. आणि गाडी तशीच जात राहिली. काही क्षण काहीच झालं नाही. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो निघाला होता, पण ब्रेकपर्यंत पोचायला त्याला वेळ लागत होता, जशी एखादी म्हातारी व्यक्ती हाक ऐकून खुर्चीतून उठते तसा. मग ब्रेक लागला. टेम्पोच्या फळीवर लिहिलेलं मला सगळं वाचता आलं, इतके जवळ होतो. त्यांना वाटलं, आपण वेळेत थांबलो. मी काही बोललो नाही.

ती चूक डोळ्यांची नव्हती. डोळे त्या दिवशी माझे होते आणि ते ठीक आहेत.

आता सगळे खूश आहेत. डॉक्टर डोळे तपासतील आणि हो म्हणतील, तू शब्द दिला आहेस, ताई साखरेच्या डब्यातून किल्ली काढेल. त्यांना लांबचा फलकही वाचता येईल, आणि पाय तोच असेल. हे पाहिलेला माणूस मी एकटा आहे, म्हणून सांगायचं ते मलाच सांगायला हवं. रोज सकाळी ते फडकं घेऊन बाहेर जातात, मी मागोमाग दारापर्यंत जातो, काहीतरी चेष्टा करतो आणि परत येतो. मला भीती वाटते आहे, आणि मला त्यांना सांगता येत नाही.

तुझा भाऊजी